बुटांत आणलेली अंडी

दद्दा गेले तेव्हा आमच्या गच्चीवर दोनच कबुतरं उरली होती. दोन्ही कलदुमे. अंग चुन्यासारखं पांढरं आणि शेपटी तेवढी काळी. एके काळी याच गच्चीवरून थवा उठला की खाली गल्लीत वाळत घातलेल्या कातड्यांवर क्षणभर सावली पडायची, असं लोक सांगतात. मी ती सावली फारशी पाहिलेली नाही. मी खालच्या खोलीत वाचत असायचो.

दद्दा म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, नोकरी केली ती कशीबशी, कबुतरं मात्र जीव लावून पाळली. शेवटच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं तेव्हा सगळा थवा त्यांनी शिष्यांना वाटून टाकला. कलदुमे तेवढे कुणाला दिले नाहीत. जोड्यामागून जोडे जुळवत ते वाण त्यांनी स्वतः घडवलं होतं, आणि अख्ख्या आग्र्यात दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर त्याचं एक पिल्लूही निपजलं नव्हतं.

एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "लल्ला, बसंतला जोडा लाव. आपल्या गच्चीवर बीज राहू दे."

"लावतो," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. "तुला जमेल असं वाटत नाही. पण दुसरं आहे कोण?"

मलाही वाटत नव्हतं. माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. वर्गात मी कधी शिकवलं नाही, तरी गल्लीत मला मास्टरसाहेब म्हणतात, कारण मला चष्मा आहे आणि आवाज नाही.

त्यातून एक गोष्ट आम्ही दद्दांपासून लपवली होती. गच्चीवर दोन खुराडी होती. पौषातल्या धुक्यात एका खुराड्यात मांजर शिरलं आणि सकाळी तिथे नुसती पिसं सापडली. दुसऱ्या खुराड्यातली दोन कबुतरं वाचली. मी दद्दांना सांगायला निघालो होतो, पण मनोरमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जिन्यातच अडवलं. "जाणाऱ्या माणसाच्या उशाशी काय मांजर नेऊन सोडायचंय?" ती म्हणाली. मी परत फिरलो. दोन उरलीत, जोड्याला दोनच लागतात, असा मी मनाशी विचार केला.

बसंत पंचमीच्या सकाळी आमच्या भागातल्या सगळ्या गच्च्यांवर जोडे लागतात. पिवळा भात होतो, कबुतरांच्या पायांना हळदीचं बोट लावतात, आणि नवी मातीची परळं खुराड्यात ठेवतात. मीही हे सगळं केलं. परळात कडुनिंबाच्या काड्या टाकल्या. मग मोडकी खुर्ची घेऊन, मांडीवर पक्ष्यांवरचं एक जुनं जाड पुस्तक उघडून बसलो.

पुस्तकात लिहिलं होतं की नर मान फुगवतो, घुमतो, मादीभोवती गोल फिरतो आणि शेपटी जमिनीवरून फरफटवतो. दोघांतला मोठा अगदी तसंच करत होता. पुढे लिहिलं होतं की मादी आपली चोच नराच्या चोचीत घालून घास मागते, आणि तो भरवतो. तेही झालं. मग धाकटं कबुतर खाली बसलं, मोठं पंख सावरत त्याच्या पाठीवर चढलं आणि क्षणात उतरलं. मी घाईनं पान उलटलं. एवढ्या वयातही मला संकोच वाटला.

"काय लिहिलंय?" मनोरमा वाळत घातलेले कपडे काढत होती.

"एवढंच असतं म्हणतात. शेपटीखाली शेपटी टेकते, बस."

"आणि त्यासाठी एवढं जाड पुस्तक?"

काही दिवसांनी एका दुपारी परळात अंडं दिसलं. पुस्तकात होतं की एक दिवस मध्ये जातो, मग दुसरं येतं, आणि दोनावर काम थांबतं. पण आमच्या परळात चार झाली. मी चष्मा पुसून पाहिला. चारच. दोन्ही कबुतरं खांद्याला खांदा लावून त्यांवर बसली होती. पुस्तकातल्या रीतीप्रमाणे नर दिवसा बसतो आणि मादी संध्याकाळपासून सकाळपर्यंत. यांना पाळी मान्य नव्हती. मी त्याचा अर्थ प्रेम असा लावला. दद्दांचा आशीर्वाद, असंही मनात आलं, ते कुणाला बोललो नाही. मनोरमा मात्र दूधवाल्यापासून देवळातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना सांगून आली.

दुसऱ्याच दिवशी गल्लीपलीकडच्या कठड्यावरून हाक आली. "मास्टरसाहेब, तुमच्याकडे चार झाली म्हणे."

ते अझमत खलिफा. त्यांचा लहान मुलांच्या बुटांचा कारखाना आहे, आणि कबुतरं उडवणाऱ्यांत त्यांना खलिफा म्हणतात, म्हणजे उस्तादांचे उस्ताद. आमची गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या गच्चीवरून फेकलेला बाजरीचा दाणा आमच्या गच्चीवर पडतो. तरी मला कळायला लागल्यापासून ते कधी आमच्या जिन्यावर चढले नव्हते आणि दद्दा त्यांच्या. दोघांत सैद होती.

कबुतरवाल्यांत शेजार दोन तऱ्हेचा असतो. सुलह असेल तर भरकटून दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलेलं कबुतर संध्याकाळी परत मिळतं. सैद असेल तर उतरलेलं कबुतर पकडणाऱ्याचं. ते परत मिळवायचा एकच मार्ग: मालकानं स्वतः समोरच्याचा जिना चढून मागायचं. खलिफा देतात, नाही म्हणत नाहीत. पण ज्यानं मागितलं तो जन्मभराचा शिष्य झाला. दद्दांचा सर्वांत देखणा कलदुमा नर, पोट पुढे काढून चालायचा म्हणून ज्याचं नाव मुनीम होतं, तो काही वर्षांपूर्वी एका वावटळीत खलिफांच्या गच्चीवर उतरला. दद्दा त्या दिवशी जेवले नाहीत. मागायला मात्र गेले नाहीत. रोज सकाळी ते आमच्या कठड्याशी उभे राहत आणि मुनीम त्यांच्या कठड्यावर चालत असे.

दद्दांच्या तिरडीला खलिफांनी खांदा दिला होता. आता ते म्हणाले, "परवानगी असेल तर बघायला येऊ?"

"या ना," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"या म्हणाले ते," मनोरमा माझ्या मागून ओरडली.

खलिफा आले. जिना चढून धाप लागली होती, तरी आधी खुराड्यासमोर उकिडवे बसले. दोन्ही कबुतरांकडे बराच वेळ पाहिलं. मग एका पोटाखाली हात सारून अंडं काढलं, मुठीच्या नळीत धरून सूर्याकडे केलं आणि एक डोळा मिटून आत बघितलं. अंडं परत ठेवलं, दुसरं घेतलं. चारही तसंच करून झाल्यावर ते उठले आणि दाढी कुरवाळत उभे राहिले.

"भाभी, चहा मिळेल का?"

"ठेवलाय भाईसाहेब. पण आधी सांगा. तोंडावरून बातमी बरी दिसत नाही."

"बातमी तशी वाईट नाही. घरात दोन मुली नांदताहेत." खलिफा माझ्याकडे वळले. "मास्टरसाहेब, या दोन्ही माद्या आहेत. म्हणून दोनाच्या जागी चार. अंडी वांझ आहेत, आत पाणी. एव्हाना लाल शिरांचं कोळ्याचं जाळं दिसायला हवं होतं."

"पण मोठं तर घुमत होतं," मी म्हणालो. "शेपटी फरफटत होतं. पुस्तकात..."

"नर नसला की थोरली नवऱ्याचं काम अंगावर घेते. घरात पुरुष नसेल तर कुणीतरी करतंच."

"असला तरी करावं लागतं," मनोरमा म्हणाली आणि चहा आणायला गेली.

मी खुर्चीवर बसलो. खलिफांनी कठड्याला पाठ टेकली. "हिवाळ्यात नर एका खुराड्यात ठेवतात आणि माद्या दुसऱ्यात. थंडीत अंडी धरली तर माद्या खंगतात, म्हणून. बसंतला दार उघडून एकत्र करतात. तुमच्या दद्दांनीही तसंच केलं असणार. पौषात तुमच्याकडे मांजर शिरलं म्हणे, ते कुठल्या खुराड्यात?"

मी उत्तरेच्या खुराड्याकडे बोट दाखवलं.

"नरांच्या," खलिफा म्हणाले.

एवढी साधी गोष्ट. माझ्याखेरीज या गल्लीतल्या कुणाच्याही हातून अशी चूक झाली नसती. सगळा हिवाळा ती दोन खुराडी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि दोन का, हा प्रश्न मला पडला नव्हता.

चहा संपवून खलिफा निघाले. जिन्याच्या तोंडाशी थांबले. "अंडी काढू नका. पाणी असलं तरी राहू द्या. त्यांना बसू द्या." एवढंच म्हणून उतरले.

ती संध्याकाळ मनोरमानं फार वेळ गप्प राहून काढली, फार वेळ म्हणजे पोळ्या होईपर्यंत. मग म्हणाली, "आग्र्यात कलदुमा नर एकच आहे. गल्लीच्या पलीकडे."

"माहीत आहे."

"मग जा. मागा."

"मागितला तर दद्दा हरले. इतकी वर्षं ते कठड्याशी उभे राहिले, पण जिना चढले नाहीत. ते गेल्यावर मी त्यांची पगडी नेऊन खलिफांच्या पायाशी ठेवू?"

"दद्दांनी तुम्हाला काय सांगितलं? पगडी राहू दे म्हणाले की बीज राहू दे म्हणाले?"

"बीज."

"झालं तर."

पण झालं नव्हतं. माद्यांचं वय झालं होतं; आणखी एक वर्ष धीर धरला तर अंडी येतील याची खात्री नव्हती. उन्हाळा चढला की पिल्लं तगत नाहीत. म्हणजे जे काही करायचं ते आत्ता. मागावं तर दद्दांची मान खाली, न मागावं तर त्यांचा शब्द खाली. मी पुस्तक उघडून बसलो, पण एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिलो. सकाळी मनोरमानं बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि जिलबीचा पुडा हातात दिला आणि दाराबाहेर काढलं.

खलिफांच्या जिन्यात चामड्याचा आणि सरसाचा वास होता. ते गच्चीवर दाणे निवडत होते. मला बघून त्यांनी हातातली चाळणी खाली ठेवली, आणि मला वाटलं त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ते मला भीतीसारखं दिसलं, पण खलिफा मला का भितील?

"खलिफाजी, मी एक..."

"बेडई मथुरावाल्याकडची दिसते. बसा. गरम आहे तोवर खाऊ."

आम्ही खाल्लं. बटाट्याची भाजी तिखट होती. मी हात पुसले. "मी अशासाठी आलो होतो की दद्दांचा..."

"दद्दांचा हात काय होता, वा! शिट्टी न वाजवता थवा वळवायचे. नुसती हाक. गल्लीतला माणूस दचकायचा आणि आभाळातलं कबुतर वळायचं. तुमचा आवाज कुणावर गेला, मास्टरसाहेब?"

"आईवर. खलिफाजी, मुनीम..."

"मुनीम बघायचाय? चला."

त्यांनी मला उठवलंच. कोपऱ्यातल्या खुराड्यात मुनीम एका पांढऱ्याशुभ्र मादीशेजारी उभा होता. पोट अजून तसंच पुढे. सकाळची पाळी बदलायची वेळ झाली असावी. मादी परळातून उठली, तो आत शिरला आणि दोन अंडी पोटाखाली ओढून बसला. मी तोंड उघडलं. खलिफांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"मास्टरसाहेब, चौथ्यांदा बोलू नका. तुम्ही मागितलंत तर मला द्यावं लागेल, आणि मी जिंकेन. आता जिंकून मी दाखवू कुणाला?"

खाली कारखान्यात कुणीतरी खिळे ठोकत होतं.

"मी याला पकडला," ते म्हणाले, "तो खेळ झाला. पण दुसऱ्याचं बीज आपल्या गच्चीवर वाढवणं ही चोरी. दर बसंतला हा आणि ही अंडी धरतात, आणि दर वर्षी मी ती काढून खडूची ठेवतो. बिचारी खडूवर बसतात, कंटाळतात, उठतात. तुमच्या दद्दांचं वाण मी वाढवलं नाही आणि बिघडवलंही नाही."

"या वर्षी?"

"या वर्षी काढली नाहीत. का, ते विचारू नका." त्यांनी मुनीमच्या पाठीवरून बोट फिरवलं, त्यानं पंखानं फटका मारला. "आता यांत जीव धरलाय. बाहेर काढून टाकायला हात होत नाही, आणि माझ्या गच्चीवर पिल्लं निघू द्यायची नाहीत ही माझीच शपथ. म्हणून मीच तुमच्याकडे काही मागतो. तुमच्या घरी दोघी जणी पाण्यावर बसल्यात. एकाच बसंतला जोडे लागलेत, एकाच सुमाराची अंडी. त्यांची कूस मला उसनी द्याल?"

मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हणालो, "पण मग पिल्लं..."

"रीत काय आहे? पकडलेलं कबुतर गच्चीचं. अंड्याला गच्ची नसते. जिथे फुटेल तिथलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बोला मास्टरसाहेब. अझमत तुमच्याकडे मागतोय. गल्लीत सांगितलंत तरी चालेल."

मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ऐकू गेलं असावं.

दुपारी ते आले ते दोन्ही हातांत लहान बाळाच्या बुटांचा एक जोड घेऊन. लाल बूट, पुढे पितळी बक्कल. प्रत्येक बुटात कापूस आणि कापसात एक अंडं. "डावं आधी घातलेलं, उजवं नंतरचं," ते म्हणाले. "वाटेत वारा लागू नये म्हणून बूट. आणि मालही जवळ हाच होता."

मनोरमानं बुटावर हात ठेवून पाहिला. "अगं बाई, गरम आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

अंडी बदलायचं काम खलिफांनी मला करायला लावलं. "तुमची गच्ची, तुमचा हात." थोरलीनं माझ्या मनगटावर चोच मारली. मी एकेक करून चार अंडी काढली आणि दोन आत सरकवली. क्षणभर दोघी उभ्या राहिल्या. चारांची दोन झाल्याचं त्यांच्या ध्यानात येईल, परळ सोडून उठतील, असं मला वाटलं. मग थोरलीनं मान वाकवली, चोचीच्या खालच्या बाजूनं एक अंडं स्वतःकडे ओढलं आणि त्यावर बसली. दुसरं धाकटीनं घेतलं.

"गणितात कच्च्या आहेत," खलिफा म्हणाले. "आमचं नशीब."

पुढचे दिवस माझ्या हातात पुस्तक असायचं, पण डोळा परळाकडे. फागुन लागला, दुपारचं ऊन कडक झालं. खलिफा रोज कठड्यावरून विचारत, "काय म्हणतात मुली?" आणि मी हातानंच खूण करायचो. एकदा त्यांनी मला कठड्याजवळ बोलावून सांगितलं की डोळा ठेवायचा तो अंड्यांवर नाही, आयांच्या गळ्यावर. फुटायच्या आधी गळ्याखालची पिशवी जड व्हायला लागते. कबुतराचं पिल्लू दाणा खात जन्मत नाही. आधी काही दिवस दूध लागतं, आणि ते या पिशवीत तयार होतं.

"आणि नराला?" मनोरमानं विचारलं.

"नरालाही येतं. आई आणि बाप दोघं पाजतात."

मनोरमा माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा. कबुतरसुद्धा."

होळीच्या थोडं आधी, सकाळी परळाच्या काठावर अर्ध्या कवचाची टोपी पडलेली दिसली. थोरलीच्या पोटाखाली काहीतरी हललं. ओलं, पिवळ्या विरळ केसांचं, डोळे मिटलेलं, चोच अंगाच्या मानानं फारच मोठी. इतकं कुरूप काही मी आयुष्यात क्वचितच पाहिलं असेल, आणि मला खुर्चीवरून उठवेना. दुसरं अंडं फुटलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही. खलिफांनी ते कानाशी धरलं, हलवून पाहिलं आणि मान हलवली. हे उजव्या बुटातलं. एकच राहिलं, म्हणजे सगळी भिस्त एकावर.

पण ते एक जबरदस्त निघालं. थोरली तोंड उघडायची, पिल्लू आपली मऊ चोच तिच्या घशात खुपसायचं आणि दोघं मिळून असे हिसके द्यायचे की मला धास्ती वाटायची. चोचीच्या कडेला पांढरं, कुस्करलेल्या पनीरासारखं काहीतरी लागलेलं असायचं. थोरलीचं संपलं की धाकटी पुढे व्हायची. दोघींचं दूध एकट्याला. दिवसागणिक नाही, सकाळपेक्षा संध्याकाळी ते मोठं दिसायचं. खलिफा म्हणाले, "दोन आयांचं पितोय. पहिलवान होणार, आणि लाडावणार."

होळीच्या दिवशी मी गच्ची सोडली नाही. आसपासच्या छपरांवरून रंगाचे फुगे येत होते. खुराड्यावर चादर टाकून मी तिच्यापुढे उभा राहिलो, आणि तीन-चार फुगे माझ्या पाठीवर फुटले. मनोरमा गुजिया, म्हणजे होळीच्या करंज्या, घेऊन वर आली तेव्हा मी हिरवा होतो. खलिफांनी पलीकडून पाहिलं आणि आपली टोपी किंचित उचलली.

आता एकच काळजी उरली होती, आणि ती मी कुणाला सांगत नव्हतो. आई साधी पांढरी, बाप कलदुमा. पिल्लू कुणावर जाणार? पांढरं झालं तर कबुतर मिळालं, बीज नाही. पिवळे केस गळून पिसांच्या नळ्या फुटू लागल्या. पंख पांढरे निघाले. पाठ पांढरी. शेपटीच्या नळ्या सगळ्यांत शेवटी. मी जाऊन जाऊन बघायचो आणि चष्म्यावर विश्वास बसायचा नाही. एका सकाळी मनोरमा दाणे टाकायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, याची शेपटी तुमच्या दौतीत पडली होती का?"

मी चप्पल न घालता धावलो. नळ्यांची टोकं फुटली होती, आणि आत काळं होतं. निळं-राखाडी नाही, काळं.

मी कठड्याशी गेलो. खलिफा पलीकडे होते. मी आपल्याच पाठीमागे हात नेऊन शेपटीसारखा हलवून दाखवला. म्हातारपणी गच्चीवर असं कुणी करत नाही. खलिफांनी ते पाहिलं, आणि ते चाळणी खाली ठेवून आत निघून गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्याचं नाव मनोरमानं छोटे मुनीम ठेवलं. उन्हाळा अंगावर येण्यापूर्वी त्याला उडवायचं होतं. त्या सकाळी मी थोरली-धाकटीला छतरीवर, म्हणजे बांबूवर बांधलेल्या जाळीच्या मांडवावर, बसवलं आणि खुराड्याचं दार उघडलं. छोटे मुनीम पोट पुढे काढून चालत कठड्यावर आले, खाली गल्लीकडे पाहिलं आणि एकदम उठले. एक वेडावाकडा फेरा झाला, दुसरा जरा बरा. तिसऱ्या फेऱ्यात तो गल्ली ओलांडून खलिफांच्या कठड्यावर जाऊन बसला. आतल्या खुराड्यात म्हातारा मुनीम घुमत होता.

खलिफांच्या हातात भिजवलेली बाजरी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्टरसाहेब, आधी सांगून ठेवतो. दद्दांशी सैद होती, ती तुमच्याशीही आहे. कठड्यावरून खाली उतरला की माझा."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी बाजरी गच्चीवर टाकली. छोटे मुनीमनं मान तिरपी करून दाण्यांकडे पाहिलं.

"बघताय काय? बोलवा. की मागायला येणार आहात?"

"अहो, हाक मारा," मनोरमा म्हणाली.

मी हाक मारली. "आ."

"ही हाक आहे की जांभई?" खलिफा म्हणाले आणि आणखी दाणे टाकले. कबुतरानं एक पाय कठड्यावरून खाली सोडला.

मी डोळे मिटले. दद्दांची हाक मला पाठ होती. रोज सकाळी ती जिन्यातून खाली यायची आणि मी वाचत असलेली ओळ हरवायची. कितीदा मी चिडून पुस्तक आपटलं असेल. ती हाक घशात कुठे असते ते मला माहीत नव्हतं. पण मी छाती भरली आणि तोंड उघडलं.

"आऽऽ! आऽऽ!"

खाली बुटांना बक्कल लावणारी माणसं मान वर करून बघायला लागली. समोरच्या खिडकीचं दार उघडलं. छतरीवर थोरलीनं पंख फडफडवले. छोटे मुनीमनं पाय वर ओढला, दाण्यांकडे एकदा पाहिलं, आणि उडाला. गल्लीवरून सरळ आला आणि छतरीवर दोघींच्या मध्ये घुसून बसला. धाकटीला जागा करून द्यावी लागली.

माझा घसा सोलल्यासारखा झाला होता. तो माझ्या हाकेला आला की आयांना बघून, हे मला आजही सांगता येत नाही. मनोरमाला विचारलं तर म्हणाली, आला ना, मग चौकशी कशाला.

खलिफांनी उरलेली बाजरी आपल्या कबुतरांना टाकली. "आवाज बरा आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं कुठे ठेवला होता? उद्या पुन्हा उडवा. उद्या मी हिरवे मूग टाकणार आहे."

"बघू," मी म्हणालो. गल्ली ओलांडून ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.